बासिलियाने ठेवलेली बदली बाई

"मग बदलीवर कोणाला ठेवतेयस?" नेलिदाने विचारलं. विचारताना तिने बासिलियाकडे न बघता मैदानाकडे बघितलं, म्हणजे प्रश्न सहज वाटावा.

रविवारची दुपार होती. कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात बोलिव्हियन पुरुषांनी दगड वेचून फुटबॉलचं मैदान केलं होतं. पुरुष खेळायचे. बायका गाड्यांच्या डिक्या उघडून मांसाच्या गरम करंज्या आणि शेंगदाण्याचं सूप विकायच्या. स्पेनमधल्या मुर्सियाच्या शेतपट्ट्यातल्या या गावात आपल्या माणसांची बातमी कळायला दुसरी जागा नव्हती.

"ठरलं नाही अजून," बासिलिया म्हणाली.

"माझी भाची आहे की. मोकळीच बसलीय. कामाला वाघ, आणि तोंडातून शब्द काढत नाही."

"तुझीच भाची ना?"

"सख्खी."

"मग नको."

शेजारच्या दोघी-तिघी सुपाच्या वाट्या सांभाळत खो-खो हसल्या. नेलिदाही हसली, कारण हसण्याशिवाय इलाज नव्हता. चार वर्षांपूर्वी ती एका गाववाल्या बाईच्या बदलीवर महिनाभर कामाला गेली होती. ती बाई देशातून परत आली, बेल वाजवली, तर दार नेलिदाने उघडलं. अंगात त्याच बाईचा एप्रन. "या ना, बसा," म्हणाली म्हणे. नेलिदा अजून त्याच घरात कामाला जात होती. ती बाई आता कुठे होती, ते कोणी विचारत नसे.

"आपल्यातलीला ठेवावं तर हे असं," एकजण म्हणाली. "आणि परकीला ठेवावं तर घरचे ऐकत नाहीत."

बासिलिया ओरेल्याना सूप पीत होती. तिचा विचार झालेला होता. तो मैदानावर बोलण्यासारखा नव्हता, इतकंच.

ती दोन्या फुएनसान्ता, म्हणजे फुएनसान्ताबाई, या म्हातारीकडे चोवीस तासांची बाई होती. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं, वॉकर धरून चालायची. बासिलिया इस्त्रीच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपायची. गुरुवारची दुपार आणि रविवार सुटी. बाकी सगळे दिवस आणि सगळ्या रात्री म्हातारीच्या. घरभाडं नाही, जेवणाचा खर्च नाही, त्यामुळे पगार जसाच्या तसा बोलिव्हियात कोचाबांबाकडे, पुनाता या तिच्या गावाला जायचा. त्या पगारावर तिथे तीन मजली विटांचं घर उभं राहिलं होतं, आणि त्यात मुलगी योसेलिन मावशीजवळ राहून शिकत होती. कागदपत्रंही त्याच नोकरीवर उभी होती. करार आहे म्हणून राहण्याच्या परवान्याचं कार्ड, कार्ड आहे म्हणून नागरिकत्वाचा अर्ज. अर्ज आत जाऊन काही महिने झाले होते. नोकरी गेली तर एका दोरीवरचे सगळे कपडे खाली येणार होते.

आणि जायचं तर होतंच. बासिलियाची आई मार्चमध्ये वारली. म्हातारीचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात, त्यामुळे मातीला जाता आलं नाही. सहा वर्षांत आईला पाहिलेलं नव्हतं. आता निदान पहिल्या वर्षाचं ताट चुकवून चालणार नव्हतं. मेलेलं माणूस नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी घरी जेवायला येतं, दुसऱ्या दिवशी दुपारी जातं. आलं, आणि ताट मांडणारी लेकच घरात नसली, तर ते शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहतं, असं पुनाताकडे म्हणतात. आई हयातीत कधी कोणाच्या दारात उभी राहिली नव्हती.

"सहा आठवड्यांचा प्रश्न आहे," बासिलिया शेवटी म्हणाली. "बघते कोणीतरी."

तिने बघून ठेवलेली ती कोणीतरी म्हणजे रकिया.

रकिया मोरोक्कोची, बेनी मेल्लालकडची. दोघींची ओळख कोबी-सॅलडच्या पॅकिंग शेडमधली. बासिलिया नवीन होती तेव्हा एकाच पट्ट्यावर समोरासमोर उभ्या असायच्या. गार पाण्याने बोटं फुटतात म्हणून रबरी हातमोज्याच्या आत लोकरी हातमोजा घालायचा, हे रकियानेच शिकवलं होतं. त्या काळात रकिया श्रीमंत होती. तिचा नवरा मिलूद इमारतींना फळ्या ठोकायचा, गावात जिकडे बघावं तिकडे क्रेन होत्या, आणि रकिया-मिलूदने बँकेच्या कर्जावर स्वतःचं घर घेतलं होतं. तीन पोरं, मोटार, उन्हाळ्यात मोटारीच्या टपावर गाद्या आणि सायकली बांधून बोटीने गावाकडे. बासिलिया तेव्हा सात जणींबरोबर एका खोलीत, दिवसपाळीवाली उठली की तिच्याच ऊबदार अंथरुणात झोपायची.

मग क्रेन थांबल्या. घरं बांधायची थांबली, पण म्हातारी माणसं म्हातारी व्हायची थांबली नाहीत. मिलूद टरबुजांच्या शेतात रोजंदारीवर आला, तेही बोलावणं आलं तर. बासिलियाचं मात्र त्याच वर्षी नशीब उघडलं. दोन्या फुएनसान्ताला बाई हवी होती, आणि अट एकच होती: आपली भाषा बोलणारी, आपल्या देवाची.

रकियाचं स्पॅनिश बोलणं आता सगळ्या गावासारखंच होतं, तोंडातल्या तोंडात आणि शेवटची अक्षरं खाऊन. बासिलियापेक्षा पुष्कळ बरं. पण डोक्याला रुमाल होता.

"तुमच्यावर त्यांनी तीनशे वर्षं राज्य केलं," रकिया एकदा म्हणाली होती, "म्हणून तुम्हाला दोन वर्षांत नागरिकत्व मागता येतं. आम्ही त्यांच्यावर राज्य केलं, म्हणून आम्हाला दहा." आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली की शेडच्या मुकादमाने दोघींना वेगळं उभं केलं.

गुरुवारी दोघी बंद पडलेल्या बँकेच्या पायऱ्यांवर भेटायच्या. तिथे बासिलियाने विषय काढला. रकियाने ऐकून घेतलं, पिशवीतून पाव काढला, अर्धा तिला दिला.

"मला का?" तिने विचारलं. "तुमच्यात बायका संपल्या?"

"तुझ्यावर भरवसा आहे."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर म्हणजे तुझ्यावरच. आणखी कोणावर?"

रकिया पाव चावत तिच्याकडे बघत राहिली. बासिलियाने समोरच्या खांबाकडे बघितलं. हिशेब साधा होता. आपल्यातलीला ठेवलं तर ती बूड टेकवणार. या बाईला ठेवलं, तर घरचे सहा आठवडे कसेबसे काढतील, रुमालाकडे बघून नाकं मुरडतील, आणि बासिलिया परत येईल त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकतील. असलं काही तोंडावर बोलायचं नसतं. रकियानेही तोंडावर विचारलं नाही.

"माझं एक आहे," रकिया म्हणाली. "रात्री मी घरी जाणार. सातला निघणार म्हणजे निघणार."

"अगं, चोवीस तासांचं काम आहे ते!"

"मला नवरा आहे, पोरं आहेत, दारं-खिडक्या आहेत. माझी रात्र विकायची नाही. दिवस घे."

बासिलियाने विचार केला आणि मनातल्या मनात खूशच झाली. रात्रीचीही अडचण! जितकी अडचण जास्त, तितकी तिची आठवण जास्त.

म्हातारीची मुलगी कार्मेला. फर्निचरच्या दुकानात कामाला होती, ते दुकान उन्हाळ्यात बंद झालं होतं. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"मोरा? मोरोक्कोची बाई, माझ्या आईकडे? बासिलिया, तुला दुसरी मिळाली नाही?"

"सहाच आठवडे, सेन्योरा. माणूस चांगलं आहे."

"आणि रात्री कोण?"

"रात्री... तुम्ही, सेन्योरा. सहाच आठवडे."

कार्मेलाने सुस्कारा सोडला. आतून दोन्या फुएनसान्ता ओरडली, "काय गं, काय ठरलं? कोणी मेलं का?"

"कोणी नाही मेलं, आई!"

"मग हळू बोला!"

बासिलियाने जाण्याआधी रकियाला घर दाखवलं. गोळ्यांचा डबा, कमोडची खुर्ची, आंघोळीला हात कुठून धरायचा, वॉकरचं कोणतं चाक अडतं. शेवटी फ्रीजमधली डुकराच्या खारवलेल्या मांसाची तंगडी दाखवली.

"हे रोज एक-दोन काप लागतात. सोमवारच्या मसुरात हाड घालायचं."

"तू घालून जा," रकिया म्हणाली. "मी हात लावणार नाही."

"मग म्हातारी चिडेल."

"चिडू दे."

हेही बासिलियाला बरंच वाटलं. तिने गळ्यातली दाराची किल्ली काढून रकियाच्या हातात दिली आणि विमानतळाच्या बसमध्ये बसली.

पुनाताला ताट व्यवस्थित मांडलं गेलं. तीन पायऱ्यांची मांडणी, काळं कापड, आईचा फोटो, ऊस, कणकेच्या बाहुल्यांसारखे भाजलेले पाव, आईला आवडायची ती मक्याची गार बिअर. गल्लीतली पोरं येऊन प्रार्थना पुटपुटली आणि पाव घेऊन पळाली. बासिलिया विटांच्या तीन मजली घराच्या गच्चीवर उभी राहिली. चौथ्या मजल्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळया तिच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. शेजारच्या घरांच्याही गेल्या होत्या. निम्म्या घरांत कोणी राहत नव्हतं, मालक सगळे माद्रिद नाहीतर मुर्सियात घडीच्या खाटांवर झोपत होते. योसेलिन तिच्याशी अदबीने बोलली, पाहुणीशी बोलावं तशी.

एका रविवारी तिने म्हातारीला फोन लावला. तक्रारी ऐकायची तिची पुरती तयारी होती.

"दोन्या फुएनसान्ता, मी बासिलिया. तुमचं कसं चाललंय?"

"कोण? हां, तू होय! अगं पोरी, या बाईने माझं मांस बंद केलं!"

"अरेरे."

"डॉक्टर म्हणतो, ब्लड प्रेशर उतरलं. आता काय बोलणार! आणि पाव करते गं घरी. गरम. तेलात बुडवून दोन खाल्ले आज. तू का नाही कधी केलास?"

"मला येत नाही, दोन्या फुएनसान्ता."

"हो का. बरं, ती बोलावतेय, ठेवते."

म्हातारीने फोन ठेवला. बासिलिया रिसीव्हर हातात घेऊन टेलिफोनच्या दुकानात उभी होती. बहिणीने विचारलं, "काय म्हणाली?" "मजेत आहे," बासिलिया म्हणाली, आणि पुढचे सगळे दिवस तिला नेलिदाचा एप्रन डोळ्यांसमोर दिसत राहिला.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती परत आली. स्टँडवरून सामानासकट थेट म्हातारीच्या घरी. किल्ली रकियाकडे, त्यामुळे बेल वाजवावी लागली. त्या दारावरची बेल चार वर्षांत तिने कधी वाजवली नव्हती.

दार कार्मेलाने उघडलं. पायात सपाता होत्या.

"आलीस! ये, ये. आई, बासिलिया आली!"

"उशीर केला!" आतून आवाज आला. "पाव संपले!"

बासिलियाने सवयीने बॅग उचलली आणि इस्त्रीच्या खोलीत नेली. दारातच थांबली. घडीची खाट नव्हती. तिथे मोठा पलंग होता, कपाट होतं, भिंतीवर कार्मेलाच्या लग्नाचा फोटो होता, आणि खिडकीत तिची झाडं.

"बस," कार्मेला मागून म्हणाली. "तुला सांगायचंच होतं. असं बघ, रकिया सातला जायची. मग मीच झोपायला यायचे. पहिला आठवडा कंबर मोडली. मग माझ्या लक्षात आलं, मी दोन घरांची भाडी-बिलं कशाला भरतेय? दुकान बंद, नवऱ्याचा पगार अर्धा. सोडलं घर. आता आम्ही दोघं इथेच असतो. आईच्या पेन्शनवरच म्हण ना, लपवायचं कशाला."

"म्हणजे मी..."

"तुझं काम तुझंच आहे गं! रकियाने किल्ली काल माझ्याकडे दिली, तुझ्यासाठी. फक्त दिवसाचं. नऊ ते सहा, सोमवार ते शुक्रवार. करार राहील, विमा राहील. पगार... तासांप्रमाणे बघू. चोवीस तासांचे पैसे आता कोणालाच परवडत नाहीत, तुला माहितीये."

बासिलियाने मान डोलावली. करार राहील, हे तिने ऐकलं होतं, ते महत्त्वाचं होतं. कार्ड वाचलं होतं. पगार फार तर दोन तृतीयांश उरणार, आणि त्यातून आता झोपायच्या जागेचं भाडं जाणार, रात्रीचं जेवण जाणार. उरलेलं पुनाताला. तो आकडा तिने तिथेच, लग्नाच्या फोटोसमोर, मनात मांडला आणि पुसून टाकला.

"पोरी," दोन्या फुएनसान्ताने विचारलं, "आईला जेवू घातलंस का?"

"घातलं, दोन्या फुएनसान्ता."

"पोटभर?"

"पोटभर."

"मग झालं."

नवीन काम सोमवारपासून होतं. गुरुवारी नेहमीच्या वेळेला रकिया बँकेच्या पायऱ्यांवर बसलेली होती. बासिलिया समोर उभीच राहिली.

"माझी नोकरी खाल्लीस."

"किल्ली मिळाली ना?"

"किल्ली मिळाली. खाट गेली."

"खाट मी नाही नेली. माझ्या घरी खाटा आहेत." रकियाने शेजारची जागा हाताने झटकली. "बस. लोक बघतात."

"एक रात्र झोपली असतीस तिथे, तर काय बिघडलं असतं? एक! कार्मेलाला कळलं तरी नसतं की तिला तिथे झोपता येतं."

"माझ्या पोराने मला झोपताना विचारलं असतं, आई कुठे, तर मिलूदने काय सांगायचं?"

"माझ्या पोरीने सहा वर्षं विचारलंय."

रकियाने पिशवीतून पाव काढला, अर्धा तिच्यापुढे धरला. पायऱ्यांसमोरून शेडची गाडी गेली, आत बायका दाटीवाटीने बसलेल्या. दोघींनी ओळखीच्या चेहऱ्यांना हात केला.

"तू मला का निवडलंस, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," रकिया म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"की हे लोक मला ठेवून घेणार नाहीत. म्हणून तुला निवांत झोप लागेल तिकडे." तिने रुमालाचं टोक नीट खोचलं. "हिशेब बरोबरच होता तुझा. रात्र तेवढी धरायची राहिली."

बासिलिया बसली. 

"कार्मेला तुला विचारत नव्हती? राहतेस का म्हणून?"

"विचारलं की."

"मग? नाही का म्हणालीस? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला! तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला बाई हवी होती, त्याच्या सुनेला माझा पाव आवडला. ते तास जास्त देतात." रकिया गंभीर चेहऱ्याने म्हणाली. हे खरं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या मजल्यावर म्हातारा होता, एवढं खरं होतं.

"नेलिदा हसून हसून मरायची राहिली," बासिलिया म्हणाली.

"तिच्याकडे राहतेस का आता?"

"तिच्या भाचीबरोबर एका गादीवर. तोंडातून शब्द काढत नाही म्हणतात, पण घोरते."

रकियाने विचार केला. तिचा मोठा मुलगा काकाकडे बेल्जियमला कामाला गेला होता, त्याची खोली रिकामी होती, आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला येत होता. हे सगळं बासिलियाला माहीत होतं. तिला माहीत आहे, हे रकियालाही माहीत होतं. तरी पहिलं कोणी बोलायचं, यात थोडा वेळ गेला.

"लाइट-पाणी धरून किती घेशील?" शेवटी बासिलियाने विचारलं.

रकियाने आकडा सांगितला.

"एवढा? त्यात मी पूर्वी आठ जणींचं भाडं भरलं असतं."

"मग आठ जणी आण. खोली तेवढीच आहे."

"कमी कर."

"खिडकी आहे तिला. सकाळचं ऊन येतं."

"मी सकाळी कामावर असते. ऊन तूच घे. कमी कर."

रकियाने थोडा कमी केला. मग बोट वर केलं. "माझ्या स्वयंपाकघरात डुक्कर नाही. बिअर नाही."

"बटाटे?"

"बटाटे कितीही."

"आणि वर्षातून एकदा ताट मांडीन. आईचं. तीन वर्षं मांडतात आमच्यात. त्यावर बिअर लागते."

रकिया यावर खरंच अडली. तिने डोळे बारीक केले, पावाचा तुकडा बोटांत फिरवला.

"बाल्कनीत मांड," ती म्हणाली. "बाल्कनी घरात धरत नाहीत."

"आगाऊ किती?"

"आमच्यात पाहुण्याकडून आगाऊ घेत नाहीत."

"म्हणजे मी पाहुणी?"

"नाही," रकिया म्हणाली. "म्हणून एक महिन्याचं आगाऊ."

बासिलियाने पर्स उघडली.